मागाची शीव

जाफराबाद हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. तालुक्याची हद्द ओलांडली कीं बुलढाणा जिल्हा लागतो. आज ही नुसती दोन जिल्ह्यांमधील हद्द आहे. परंतु शंभर वर्षांपूर्वीं ती दोन सरकारांमधील हद्द होती. अलीकडे निजामाचा औरंगाबाद जिल्हा आणि पलीकडे १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत गेलेला व १९०३ पासून मध्यप्रांताच्या कारभारास जोडलेला वऱ्हाड. दोहींकडील पीक एक, बोली एक, सोयरिकीहि एकमेकांत. पण पोलीस निराळे, कचेऱ्या निराळ्या, कायदे निराळे. हैदराबाद संस्थान १९४८ मध्यें भारतांत सामील झालें, तरी ही हद्द दोन राज्यांमधील म्हणून १९५६ पर्यंत उरलीच. चोरास हद्द नसते व शिपायास ती असते, ही अडचण येथील लोकांस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

या अडचणीवर जुन्या गांवगाड्यानें एक तोड काढलेली होती. गांवांत चोरी झाली म्हणजे जागल्यानें चोराचा माग काढावयाचा. पावलें शिवेपर्यंत गेलीं कीं शेजारच्या गांवच्या जागल्यास बोलावून तीं दाखवावयाचीं. त्याची खात्री पटली म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे, आणि पुढील शोध दुसऱ्याच्या माथीं येई. ज्या गांवांत माग अखेर हरवे, त्या गांवानें चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करावयाची. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें ही रीत आपल्या लेखनांत नमूद केली आहे. रीत साधी खरी, पण तिच्यांत तीन तत्त्वें दडलेलीं आहेत. शिवेपलीकडे माग जातो, जागल्या जात नाहीं. शेजारी तो माग स्वतः पारखून घेतो, ऐकीव गोष्टीवर विश्वासत नाहीं. आणि मागाबरोबर जबाबदारीहि दुसऱ्याकडे जाते. प्रस्तुत लेखाचा विषय या तीन तत्त्वांशीं निगडित आहे.

माग काढण्याची विद्या आतां पावलांवरून रक्ताच्या थेंबावर आली आहे. मनुष्याच्या बहुतेक प्रत्येक पेशींत डीएनए नांवाचा एक अतिसूक्ष्म तंतु असतो, व तो अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून आलेला असतो. या तंतूंत कांहीं ठिकाणीं एकच लहानसा तुकडा पुनःपुन्हां आलेला आढळतो. कोणाच्या ठिकाणीं तो बारा वेळां, तर कोणाच्या ठिकाणीं सोळा वेळां. अशीं पंधरा-वीस ठिकाणें निवडून तेथील पुनरावृत्ति मोजली म्हणजे आंकड्यांची एक ओळ तयार होते. जुळीं भावंडें सोडलीं तर ही ओळ दोन माणसांत तंतोतंत सारखी निघणें जवळजवळ अशक्य असतें. इंग्लंडांत लेस्टर येथें अ‍ॅलेक जेफ्रीज यांनीं १९८४ मध्यें या ओळखीचें मूळ तत्त्व शोधून काढलें. १९९५ मध्यें त्या देशानें अशा ओळींची राष्ट्रीय नोंदवही उघडली. आणि २००५ मध्यें जर्मनीतील प्र्यूम या गांवीं सात शेजारी राष्ट्रांनीं आपापल्या नोंदवह्या परस्परांस पडताळून पाहूं देण्याचा करार केला. आपल्या उपखंडांतहि हा प्रश्न दारांत उभा आहे. बांगलादेशानें २०१४ मध्यें यासंबंधीं कायदा केला. भारतांत २०१९ चें विधेयक लोकसभेंत मांडलें गेलें, संसदेच्या स्थायी समितीकडून तपासून आलें, आणि २०२३ च्या जुलैंत मागें घेण्यांत आलें. तेव्हां आज आपणांपुढील प्रश्न असा: राज्यानें माणसांच्या रक्ताची वही ठेवावी काय, आणि ठेवल्यास ती शेजाऱ्यास कोठवर उघडून दाखवावी?

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाहीं. या विद्येचें पहिलें मोठें काम एका निरपराध्यास सोडविण्याचें होतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. लेस्टरजवळच्या खेड्यांत १९८३ व १९८६ मध्यें दोन मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलानें त्यांपैकीं एकाचा कबुलीजबाब दिला होता. परंतु परीक्षेअंतीं दोन्ही खून एकाच माणसाचे आणि तो माणूस हा मुलगा नव्हे, असें ठरलें. खरा गुन्हेगार पुढें सांपडला व १९८८ मध्यें त्यास जन्मठेप झाली. मनुष्य भीतीपोटीं खोटें कबूल करतो. रक्त भीत नाहीं. पाकिस्तानांतील कसूर शहरांत २०१८ च्या जानेवारींत एका सात वर्षांच्या बालिकेचा खून झाला, तेव्हां हजारांवर पुरुषांची परीक्षा झाली आणि लाहोरच्या प्रयोगशाळेंत गुन्हेगार उघडा पडला. त्याच प्रयोगशाळेंत आधींच्या बालिकांच्या प्रकरणांतील माग जपून ठेवलेले होते, व ते सर्व याच एका माणसापाशीं येऊन थांबले. त्यांपैकींच एका प्रकरणांत पोलिसांनीं दुसऱ्याच एका तरुणास गुन्हेगार ठरवून गोळी घालून मारलें होतें. मेलेल्यास वही परत आणूं शकली नाहीं. पण त्याच्या घरावरचा डाग तिनें पुसला. ज्या आईचें मूल नाहींसें झालें आहे, किंवा ज्या बापास अनोळखी प्रेतांच्या रांगेंत आपला मुलगा शोधावा लागतो, त्यांच्यापुढें उभें राहून ‘अशी वहीच नको’ म्हणण्याचा अधिकार कोणासहि सहजासहजीं मिळत नाहीं.

परंतु वहीलाहि एक इतिहास असतो, आणि आपल्या देशांत तर तो फारच बोलका आहे. बोटांच्या ठशांची विद्या जगास मोठ्या प्रमाणावर दिली ती हिंदुस्थाननें. बंगालमध्यें विल्यम हर्शेल यानें १८५८ मध्यें एका ठेकेदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. १८९७ मध्यें कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली. ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धति एडवर्ड हेन्रीच्या नांवानें जगभर गेली, तिच्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघां हिंदी अंमलदारांच्या बुद्धीचा मोठा वांटा होता. विद्या निर्मळ होती. पण तिच्या शेजारीं दुसरें एक पुस्तक उघडें होतें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कांहीं जातींतील माणसें जन्मतःच गुन्हेगार ठरविलीं होतीं. १९११ मध्यें त्या कायद्याची व्याप्ति वाढली, व नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे वाटेल तेव्हां घेण्याची मुभा सरकारास मिळाली. ज्यानें कांहीं केलें आहे त्याचा ठसा घ्यावा, हा नियम बाजूस राहिला. ज्याचा ठसा आहे त्यानें कांहीं तरी केलें असेल, हा उलटा न्याय रूढ झाला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडील वसाहतींत माणसें ठेविलीं गेलीं तीं याच न्यायानें. कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर देशांतून गेला. पारधी, कैकाडी, भामटा यांना आपण ‘विमुक्त’ हें नांव दिलें. तरीहि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना पुसून टाकण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयास २०२४ च्या ऑक्टोबरांत निर्णय द्यावा लागला. वही उघडणें सोपें असतें. तिच्यांतील एक रकाना पुसण्यास कधीं कधीं दीडशें वर्षें लागतात.

यावर कोणी म्हणेल कीं, हा दोष शाईचा नव्हे, लिहिणाराचा होय. हें मान्य. परंतु या नव्या शाईचा म्हणून एक निराळा गुण आहे, आणि तो नीट ओळखला पाहिजे. बोटाचा ठसा त्या एका माणसापुरताच असतो. त्यावरून त्याचा भाऊ ओळखतां येत नाहीं. रक्ताची ओळ मात्र कुळाची असते. एकाची नोंद झाली कीं त्याचे आईबाप, भाऊबहिणी, मुलें हीं सारीं अर्धवट नोंदलीं जातात. अमेरिकेंत चाळीस वर्षांपूर्वींचा एक खुनी २०१८ मध्यें सांपडला तो अशाच वाटेनें. त्याच्या दूरच्या नातलगांनीं स्वतःची वंशावळ जुळविण्याच्या हौसेनें दिलेल्या नमुन्यांतून त्याचा माग निघाला. परिणाम चांगला झाला हें खरें. पण संमति एकानें दिली व उघडा दुसरा पडला, हेंहि तितकेंच खरें.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील वह्या आपणांस परिचयाच्या आहेत. पिढ्यान् पिढ्यांचीं नांवें त्यांत असतात. पण यात्रेकरू तेथें आपल्या पायांनीं जातो, आपल्या तोंडानें नांव सांगतो, आणि आपल्या हातानें सही करतो. आपल्या पणजोबांची सही पाहून त्याचें ऊर भरून येतें. तीच वंशावळ पोलीसकचेरींत असती, आणि ती पाहण्याचा अधिकार फक्त फौजदारास असता, तर त्याच नांवांच्या ओळीनें त्याच माणसाच्या पोटांत गोळा उठला असता. मजकूर एकच, परंतु लिहिलें कोणी, कशासाठीं, आणि पुसण्याची सत्ता कोणाच्या हातीं, यावर त्या मजकुराची नीति ठरते. ज्या देशांत जाति व वस्ती अजून एकमेकींस चिकटून आहेत, आणि संशयित म्हणून धरण्याची वाट पुष्कळदां ठराविक पालांकडेच वळते, तेथें धरलेल्यांची रक्तवही म्हणजे थोड्याच वर्षांत कांहीं कुळांची संपूर्ण व बाकीच्यांची कोरी अशी वही होईल. मग माग निघेल तोहि त्याच कुळांकडे निघेल, कारण शोधावयास दुसरीं पानेंच नसतील. २०१९ च्या विधेयकावर विचार करणाऱ्या समितीपुढें ही भीति मांडली गेली होती, आणि समितीनें ती निराधार म्हणून झटकून टाकली नाहीं.

यावर एक तर्कशुद्ध उपाय सुचविला जातो: सर्वांचीच नोंद करा, म्हणजे पक्षपात उरणार नाहीं. कुवेतनें २०१५ मध्यें असा कायदा केला. नागरिक, रहिवासी, पाहुणे, सर्वांनीं नमुना द्यावयाचा. तेथील घटना-न्यायालयानें २०१७ मध्यें तो रद्द केला. या सूचनेंत समतेचें सौंदर्य आहे हें नाकारतां येत नाहीं. पण समान वांटलेला संशय हा संशयच असतो. गांवांतील एकाच वस्तीच्या दारावर पहारा बसविणें अन्याय आहे म्हणून सर्व दारांवर पहारे बसविले, तर अन्याय जातो, परंतु गांवाचा तुरुंग होतो. ज्यानें कांहीं केलेलें नाहीं त्यानें राज्यापुढें अंग उघडें करण्याचें कारण काय, याचें उत्तर राज्यानें द्यावयाचें असतें. ‘सर्वांनींच केलें आहे’ हें त्याचें उत्तर नव्हे.

दुसरी गोष्ट चुकीची. रक्त खोटें बोलत नाहीं, असें वर म्हटलें; पण रक्ताकडून साक्ष घेणारा चुकूं शकतो. जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स या तीन शेजारी देशांत १९९३ पासूनच्या सुमारें चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणीं एकाच अज्ञात स्त्रीचा माग सांपडत होता. २००७ मध्यें हायलब्रोन येथें एका पोलीस शिपाई स्त्रीचा खून झाला, तेथेंहि तोच माग. तिला पकडून देणारास तीन लक्ष युरोंचें बक्षीस लागलें. अखेर २००९ मध्यें कळलें कीं, अशी गुन्हेगार स्त्रीच नव्हती. नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यांत बांधल्या जात, तेथील एका निरपराध कामकरी बाईच्या अंगाचे कण त्या काड्यांवर होते. काड्या जंतुरहित केलेल्या होत्या. पण जंतु मारल्यानें हा तंतु नाहींसा होत नसतो. तीन देशांचे पोलीस वर्षानुवर्षें आपल्याच काडीचा पाठलाग करीत होते. येथें लक्षांत घेण्याजोगें असें कीं, चूक जसजशी शिवा ओलांडीत गेली तसतशी ती अधिक खरी वाटूं लागली. एका देशाचा माग दुसऱ्यानें पुरावा मानला, आणि दुसऱ्याचा तिसऱ्यानें. ज्याचा त्यानें पारखून घ्यावा, हा जागल्याचा नियम पुढारलेल्या युरोपांत मोडला गेला.

चुकीचें आणखी एक रूप शुद्ध हिशेबाचें आहे. इंग्लंडांत १९९९ मध्यें, सहाच ठिकाणें मोजण्याच्या काळांत, एका आजारी गृहस्थास दूरच्या गांवच्या घरफोडीबद्दल पकडण्यांत आलें. असा मेळ योगायोगानें बसण्याचा संभव तीन कोटी सत्तर लाखांत एक, असें सांगण्यांत आलें होतें. अधिक ठिकाणें मोजतांच तो माणूस निर्दोष ठरला. हा आंकडा ऐकून सामान्य मनुष्य निःशंक होतो. परंतु वहींत दहा लाख नोंदी असतील, तर त्या वहीशीं ताडून पाहिलेल्या प्रत्येक मागाचा कोणा तरी भलत्याच माणसाशीं मेळ बसण्याचा संभव सुमारें सदतिसांत एक होतो; शंभर माग ताडले कीं दोन-तीन निरपराधी सांपडलेच. ठिकाणें वाढविलीं कीं हा धोका पुष्कळ कमी होतो, व आतां तीं वाढविलेलीं आहेत. तथापि घटनास्थळचा माग पुष्कळदां अपुरा, कुजलेला, चारचौघांचा मिसळलेला असतो, आणि मग वीस ठिकाणांपैकीं सात-आठच वाचतां येतात. अशा वेळीं शेजाऱ्याची वही जोडणें म्हणजे खऱ्या गुन्हेगाराबरोबर योगायोगासहि अधिक माणसें पुरविणें होय.

मग वही नकोच काय? माझें मत तसें नाहीं. येथें एक भेद केला पाहिजे, व तो केला कीं बराचसा गुंता सुटतो. घटनास्थळीं राहिलेला माग ही एक वस्तु. जित्या माणसाकडून घेतलेला नमुना ही दुसरी. पहिला गुन्ह्याचा असतो, दुसरा माणसाचा. पहिला कितीहि वर्षें जपावा, कारण त्यानें कोणाहि निरपराध्याचें नांव राज्याच्या हातीं येत नाहीं. कसूरच्या प्रकरणांत लाहोरच्या प्रयोगशाळेंत आधींच्या प्रकरणांचे माग राखलेले होते, म्हणूनच ते एकमेकांस जुळले. त्यासाठीं शहरांतील प्रत्येकाची कायमची नोंद लागली नाहीं. दुसरा, म्हणजे माणसाचा नमुना, कारण असेल तेव्हांच घ्यावा आणि कारण सरतांच टाकून द्यावा. ज्या हजारांनीं आपण होऊन नमुना दिला त्यांचे नमुने गुन्हेगार सांपडतांच नष्ट झाले पाहिजेत. नाहीं तर पुढच्या वेळीं बोलावल्यावर कोणी येणार नाहीं, आणि न येणें हाच गुन्हा ठरूं लागेल.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें ४ डिसेंबर २००८ रोजीं हेंच सांगितलें. इंग्लंडांत अकरा वर्षांच्या एका मुलास जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपावरून पकडलें; तो निर्दोष सुटला; पण त्याची ओळ वहींतच राहिली. अशी नोंद अनिश्चित काळपर्यंत ठेवणें हें त्याच्या खाजगी जीवनावर अतिक्रमण आहे, असा निकाल झाला, आणि २०१२ मध्यें इंग्लंडनें कायदा बदलला. आपला २०२२ चा फौजदारी ओळखीचा कायदा या कसोटीस अर्धवटच उतरतो. १९२० च्या जुन्या कायद्यांत ठसे, मोजमाप व छायाचित्र एवढेंच होतें. नव्यांत जैविक नमुनेहि आले. स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे, अथवा सात वर्षें वा अधिक शिक्षेचे गुन्हे सोडले तर असा नमुना नाकारण्याची मुभा पकडलेल्यास आहे, ही चांगली गोष्ट. निर्दोष सुटलेल्याची नोंद, तो पूर्वीं शिक्षा झालेला नसेल तर, नष्ट करण्याची तरतूदहि आहे. परंतु ती सारे न्यायालयीन मार्ग संपल्यानंतर. आणि न्यायाधीशानें सकारण उलट हुकूम न केल्यास. एरवीं नोंद पंचाहत्तर वर्षें राहावयाची. आपल्याकडे खटले व अपिलें किती काळ चालतात हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या तरतुदीचें खरें मोल निराळें सांगावयास नको.

आतां शेजाऱ्याविषयीं. सार्क राष्ट्रांनीं २००८ मध्यें कोलंबो येथें गुन्हेगारी बाबतींत परस्पर साह्याचा करार केला. माणसें पळविणें, बनावट नोटा, सीमेपलीकडे दडलेले खुनी, यांच्याविरुद्ध असें साह्य लागणारच. प्र्यूमच्या करारांत एक शहाणपण आहे, तें घेण्यासारखें आहे. तेथें एक देश दुसऱ्याच्या वहींत नांवें वाचीत नाहीं. तो फक्त आंकड्यांची ओळ विचारतो. उत्तर येतें तें ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच. ‘आहे’ आल्यास, तो माणूस कोण, हें कायद्याच्या रीतसर वाटेनें मागावें लागतें. म्हणजे शिवेपलीकडे माग जातो, जागल्या जात नाहीं. आपल्या गांवगाड्याचें पहिलें तत्त्व हेंच. दुसरें तत्त्व असें कीं, ज्या देशास मेळ कळला त्यानें नव्या नमुन्यावर स्वतःच्या प्रयोगशाळेंत पुन्हां परीक्षा केल्याशिवाय कोणास धरूं नये. आणि तिसरें, जें आजच्या करारांत सर्वांत दुबळें दिसतें, तें जबाबदारीचें. इकडे निर्दोष सुटलेल्या माणसाची ओळ इकडच्या वहींतून पुसली, पण तिकडे गेलेली प्रत राहिली, तर तो माणूस शिवेच्या एका बाजूस निर्दोष आणि दुसऱ्या बाजूस संशयित असा जन्मभर दुभंगून राहतो. म्हणून जो नोंद घेईल त्यानें ती पुसण्याचें बंधनहि घ्यावें, व चुकीनें कोणाचें नुकसान झाल्यास ज्या गांवीं माग हरवला त्या गांवानें तें भरून द्यावें. ज्या शेजाऱ्यावर एवढा विश्वास टाकतां येत नसेल, त्यास ओळ देऊं नये. राज्यांत भांडण असतां माणसांच्या कुळाच्या नोंदी त्यांच्या हातीं गेल्या, तर त्यांचा उपयोग केवळ चोर पकडण्यासाठींच होईल अशी हमी कोण देणार?

या मर्यादांची किंमत पडेल, हें लपवूं नये. निर्दोष सुटलेल्यांच्या नोंदी पुसल्यामुळें एखादा पुढचा गुन्हेगार सुटेल. कोणा आईस उत्तर मिळण्यास उशीर होईल, कदाचित् मिळणारहि नाहीं. इंग्लंडच्या सरकारनें न्यायालयापुढें हेंच म्हणणें मांडलें होतें, व तें खोटें नव्हतें. तरीहि मला मर्यादा पत्करावी असें वाटतें. एका गुन्हेगाराचें सुटणें हें दुःख आहे, पण त्याचा माग राहतो आणि उद्यां तो सांपडूं शकतो. एका कुळास जन्मभर संशयांत ठेवणें यावर मात्र पुढें कोणतीहि परीक्षा उपाय करूं शकत नाहीं. १८७१ च्या कायद्याखालीं जन्मलेलीं मुलें चोर नव्हतीं. तीं वहींत होतीं, एवढेंच. त्यांच्या नातवंडांकडे आपण आज ज्या नजरेनें पाहतों, ती त्या वहीची शिल्लक आहे.

जाफराबादच्या बाजूची ती सरकारी शीव १९५६ मध्यें मिटली. जागल्याहि गेला. तरी शिवेवर उभें राहून दोघांनीं एकच पाऊल निरखून पाहावें, आणि पुढें जाणारानें त्याबद्दल जबाबदार व्हावें, ही त्यांची समजूत आजच्या कोणत्याहि करारनाम्यापेक्षां कमी प्रतीची नाहीं. नव्या वह्या लिहिणारांनीं तिच्यापासून एवढें तरी घ्यावें कीं, पावलाचा माग राखावयाचा असतो, पाय बांधून ठेवावयाचा नसतो.